सरांचा हात फिरलेला समुद्र

समुद्राचं चित्र भिंतीवर दिसलं की मी आधी सही बघते, मग चित्र. हा माझा खवचटपणा आहे, मान्य. कुणाच्या घरी जेवायला जावं, समोर सूर्यास्त, नारळ, होडी असं काहीतरी टांगलेलं असावं, घरातले कौतुकाने सांगायला लागावेत, आणि मी आपली मान हलवत कोपऱ्यातलं नाव वाचत असते. माझ्या बहिणीला याचा भयंकर राग येतो. "तुला साधं छान म्हणता येत नाही का गं?" म्हणते. येतं की. पण कुणाला छान म्हणायचं, ते आधी कळायला नको?

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही बोरिवलीला चाळीत राहायचो. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, मग ते गोरेगावला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले. मूळचे ते वेंगुर्ल्याच्या बाजूचे. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मामाबरोबर होडीवर जायचे, मग मुंबईला आले आणि गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायला लागले. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी घरात बोलायचे मालवणीच. मी उत्तर द्यायचे मुंबईच्या मराठीत. आमचं चांगलं चालायचं.

मला चित्रं काढायचं वेड होतं. रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या एका शाळेच्या वर्गात एक सर जलरंग शिकवायचे, तिथे मी दोन वर्षं जात होते. सर अंधेरीला राहायचे, जाहिरातीच्या कंपनीत मोठे आर्टिस्ट होते, आणि रविवारचा वर्ग हौसेने घ्यायचे. उंच, सावळे, खादीचा झब्बा, बोटं कायम रंगलेली. माझा त्यांच्यावर जीव होता. म्हणजे तसला नाही. ते जे बोलायचे ते मी वहीत लिहून ठेवायचे, तसा.

आणि शिकवायचे खरंच झकास, हे मी आजही नाकारत नाही. "समुद्र निळा नसतो गं, निळा असतो तो कॅलेंडरमधला." "पाणी काढू नकोस, पाण्यावर काय पडलंय ते काढ, पाणी आपोआप होतं." पांढऱ्या रंगाची बाटली तर त्यांनी वर्गात आणूच दिली नाही. उजेड हवा असेल तर तेवढा कागद कोरा सोडायचा, वरून पांढरा फासायचा नाही. "पांढरा लावणं म्हणजे चोरी," म्हणायचे. समुद्राचं चित्र कसं बघायचं तेही त्यांनीच शिकवलं. आधी क्षितिज बघ, ते पट्टीने मारलंय की मध्येच हरवलंय. मग उजेड कुठून येतोय ते बघ. मग डोळे अर्धे मिट आणि स्वतःला विचार की इथे उभं राहावंसं वाटतं, की निघून जावंसं. यातलं जे वाटेल तो चित्राचा भाव. मी अजून असंच बघते, फक्त सही आधी.

सरांची एक पद्धत होती. हात फिरवणे. सगळेच ड्रॉइंग मास्तर करतात. मुलांच्या मागून फिरत यायचं, एखाद्याच्या पाठीशी थांबायचं, काही न बोलता त्याच्या हातातला ब्रश काढून घ्यायचा आणि त्याच्याच कागदावर तीन-चार फटके मारून पुढे जायचं. त्या तीन फटक्यांत मेलेलं चित्र उठून बसायचं. वर्ग सुटला की आम्ही एकमेकांना विचारायचो, "आज तुझ्यावर फिरवला का?" ज्याच्यावर फिरवला तो दिवसभर तरंगत असायचा. आणि फिरवलेल्या चित्राखाली सही कोणाची, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. आमचीच असायची. आम्ही पेन्सिलीने बारीक करायचो, खालच्या कोपऱ्यात.

त्या वर्षी माझं एकच चाललं होतं. मला ड्रॉइंग टीचरच्या कोर्सला जायचं होतं. जागा मोजक्या, आणि अर्जासोबत एखाद्या नावाजलेल्या चित्रकाराचं पत्र असलं तर मोठं वजन पडतं, असं सगळे सांगत होते. प्रवेश झाला नाही तर जुलैपासून औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागायचं, हे घरात ठरलेलं होतं. मावशी तिथेच होती, तिने सुपरवायझरशी बोलून ठेवलं होतं. पॅकिंग करून सोललेली मावशीची बोटं मी पाहिली होती. सर म्हणाले होते, "पत्राची काळजी करू नकोस, मी देतो." मी त्या एका वाक्यावर सहा महिने काढले.

जानेवारीत सर वर्गाला मनोरीला घेऊन गेले. मार्वेच्या जेट्टीवरून बोटीने पलीकडे. आम्ही वीसेक जण, बोर्ड, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या आईने दिलेल्या इडल्या, नुसता कल्ला. पलीकडे उतरल्यावर बाकीची मंडळी नारळाच्या झाडांकडे आणि जुन्या बंगल्यांकडे पांगली. मी खाडीच्या कडेला एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसले. समोर खाडी रुंद होत समुद्राला मिळत होती. चार होड्या नांगरून ठेवलेल्या. एक खांब चिखलात रोवलेला, त्याला तांबडी चिंधी बांधलेली. आणि पाणी असं काही शांत आणि जड की बघतच राहावं. लाट नाही, फेस नाही. काहीतरी संपत आलंय आणि कुणी आवाज करत नाहीये, असं मला वाटलं. का वाटलं ते तेव्हा कळलं नाही.

मी कागद पूर्ण ओला केला, बोर्ड मांडीवर तिरका धरला आणि वरपासून खालपर्यंत एकच करडा वॉश, म्हणजे पातळ पाणीदार रंग, सोडला. क्षितिज मारलंच नाही. आकाश आणि पाणी एकमेकांत जिथे जायचं तिथे जाऊ दिलं. कागद अर्धा सुकल्यावर होड्या, चारही, जशा दिसत होत्या तशा, तोंडं आपल्याकडे करून उभ्या. खांब खाली काळा ओला, वर सुका, तोही तसाच. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा धरला आणि कागदावरून एकदाच ओढला. कागदाच्या खरबरीत दाण्यांवर रंग चढला, खड्ड्यांत नाही चढला, आणि पाण्यावर उजेडाची एक फाटकी पट्टी उमटली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हे माझ्या हातून झालं. दीड तास लागला असेल. शेवटी एक थेंब तांबडा, चिंधीला.

मागे सर उभे होते. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी ब्रश घेतला. आकाशात डावीकडे पिवळा-नारिंगी वॉश सोडला, तो पाण्यातही थोडा उतरवला. लांब तीन पक्षी. एका होडीची कड गडद केली. झालं. "आता बघ," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आकाश जरा हसरं झालं, ते संपत आल्यासारखं वाटणं कुठेतरी गेलं, हे जाणवलं. पण सरांचा हात फिरलाय म्हटल्यावर ते बरोबरच असणार, आपल्याला अजून कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. सर म्हणाले, "हे माझ्याकडे राहू दे. वर्गात दाखवायला उपयोगी पडेल." मी दिलं. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, चार होड्या, खांब, तांबडी चिंधी, सरांनी ठेवून घेतलं. बाबा म्हणाले, "म्हणजे बरां झाला असतला." ते इतके खूश होते की शेजारच्या काकांना जाऊन सांगून आले.

मार्चमध्ये अंधेरीला एका हॉलमध्ये सरांनी प्रदर्शन भरवलं. एका बाजूला त्यांची चित्रं, दुसऱ्या बाजूला आमची. मला म्हणाले, "वडिलांना घेऊन ये. पत्र त्यांच्यासमोरच देतो." बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आत गेल्यावर ते दारापाशीच घुटमळले आणि मी आधी मुलांच्या भिंतीकडे धावले. माझी दोन चित्रं होती, मडकी आणि एक रस्ता. मनोरी नव्हतं. वाटलं, खराब झालं असेल, किंवा सर विसरले असतील. मग मी सरांच्या भिंतीकडे वळले आणि बरोब्बर मध्यावर, काचेच्या फ्रेममध्ये, रुंद पांढऱ्या पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये, माझा समुद्र. माझी पेन्सिलीची सही माउंटखाली गेली होती. वर विटकरी रंगात सरांची, झोकदार. खाली चिठ्ठी, "परतीची भरती".

मला आधी वाटलं की काहीतरी चूक झालीय. सर कोपऱ्यात चहा घेत होते, तिथे जाऊन मी म्हटलं, "सर, ते मनोरीचं..."

"हं, छान दिसतंय ना फ्रेममध्ये?"

"सर, ते माझं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या लहान मुलीकडे बघावं तसं. "अगं, हात कोणाचा फिरलाय त्यावर? तुझ्या कागदावर काय होतं, सांग बरं. नुसता चिखल. चित्र झालं ते नंतर." मग कप खाली ठेवत म्हणाले, "पत्र टाइप करून आणलंय. फक्त सही राहिलीय. वडील आलेत ना?"

बस्स, एवढंच. धमकी नाही, आवाज नाही. त्या माणसाने पांढऱ्या रंगाला चोरी म्हणायला मला शिकवलं होतं. मला त्यांच्या अंगावर तो चहा फेकावासा वाटला, आणि मी म्हटलं, "हो सर, आलेत."

तोवर पाहुणे आले होते, सरांच्या कंपनीतले आठ-दहा लोक. सर त्यांना घेऊन त्या चित्रापाशी थांबले आणि समजावायला लागले. काय बोलले! शप्पथ सांगते, माझ्या चित्राबद्दल इतकं सुंदर मी स्वतःही बोलले नसते. क्षितिज न मारता कसं हरवू दिलंय. कोरड्या ब्रशचा एकच फटका, परत हात लावलेला नाही. "आणि भाव बघा. भरतीची वेळ आहे. पाणी आत येतंय आणि त्याच्याबरोबर होड्या घरी परतताहेत. तोंडं किनाऱ्याकडे. दिवसभराचं काम संपवून माणूस घरी येतो ना, ती ऊब आहे यात." एक बाई "वाह" म्हणाल्या. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं, कशाचं ते मलाच कळत नव्हतं.

"मास्तर, भरती खंयची? ही सुकती."

बाबा. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. हात मागे बांधलेले, गेटवर उभे राहतात तसे.

"सुकती म्हणजे?" त्या बाईंनी विचारलं.

"ओहोटी," बाबा म्हणाले, आणि काचेवर बोट न टेकवता दाखवायला लागले. "ह्यो होडयो खंय येनत नाय. नांगरार आसत. नांगरार असलेली होडी, पाणी जेच्याकडसून येता तेच्याकडे तोंड करून रवता. हेंची तोंडां खाडीकडे. म्हणजे पाणी भायर चल्लां. आनि ह्यो खांब बघा, हयसर पर्यंत भिजलो हा. पाणी उतारलां म्हणान भिजलो."

मी चित्राकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी काहीतरी संपत आलंय असं का वाटलं होतं. पाणी निघून चाललं होतं. मला नाव माहीत नव्हतं, पण मी ते बघितलं होतं आणि जसंच्या तसं कागदावर ठेवलं होतं. होड्यांनी ते सांगितलं होतं, खांबाने सांगितलं होतं. सरांनी त्यावर नारिंगी फासला आणि त्यांना ते दिसलंच नाही, कारण ते तिथे बसलेच नव्हते. हॉलमध्ये एवढी माणसं होती, त्यात माझं चित्र वाचता आलेला माणूस एकच, आणि तो वॉचमन होता.

सर हसले. "काका, तुमचा अनुभव मोठा. पण मी स्वतः तिथे बसून काढलंय हे. डोळ्यांनी पाहिलंय. भरतीच होती."

बाबा त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी खांबाच्या तांबड्या चिंधीकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग सावकाश माझ्याकडे वळले.

"तू होतंस मां थंय? काय होतां, भरती काय सुकती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सरही. सरांच्या झब्ब्याच्या खिशातून लिफाफ्याचं टोक दिसत होतं. मी तेवढंच बघितलं, आणखी काही बघितलं नाही.

"भरती होती, बाबा," मी म्हटलं.

"असात मगे," बाबा म्हणाले आणि बाजूला झाले. पाहुणे पुढच्या चित्राकडे गेले. थोड्या वेळाने सरांनी खिशातून पेन काढून लिफाफ्यातल्या कागदावर सही केली, तो बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मुलगी गुणी आहे तुमची." बाबांनी नमस्कार केला. माझ्या देखत, त्या माणसाला, दोन्ही हात जोडून.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. जोगेश्वरी गेलं, गोरेगाव गेलं, बाबांचा कारखाना खिडकीतून दिसला. मला वाटत होतं की त्यांनी ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, म्हणजे मी रडेन आणि सगळं सांगेन. कांदिवलीच्या पुढे त्यांनी लिफाफा माझ्याकडे दिला.

"वाच बघूया. काय लिवलानी?"

पत्र इंग्रजीत होतं. बाबांना मराठी पेपर वाचता यायचा, इंग्रजी नाही. मी कागद उघडला. पाच-सहा ओळी होत्या. ही विद्यार्थिनी माझ्या मार्गदर्शनाखाली मेहनतीने काम करते. हिचा हात आज्ञाधारक आहे. स्वतःची नजर अजून आलेली नाही, ती पुढे येईल अशी आशा आहे. खाली तीच झोकदार सही.

नजर अजून आलेली नाही. मी ते तीनदा वाचलं. बाबा वाट बघत होते, मान माझ्याकडे किंचित झुकवून. मग मी कागद डोळ्यांसमोर नीट धरला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत मराठीत वाचायला लागले. "ही माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे. हिची नजर हिची स्वतःची आहे. हिला पाणी दिसतं. बाकीच्यांना दिसत नाही ते हिला दिसतं. हिला प्रवेश द्यावा." माझा आवाज कापला नाही. इतकं खोटं मला इतकं सहज बोलता येतं हे त्याच दिवशी कळलं.

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "मगे तां चित्र फुकट नाय गेलां."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. हॉलमध्येच कळलं होतं. आणि त्यांनी मनातल्या मनात तो व्यवहार मान्य केला होता, लेकीसाठी, तिला असं लिहून मिळतंय म्हणून. मी नुसती मान डोलावली.

"परत एकदा वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. पण पहिल्यांदा काय म्हटलं होतं ते शब्दशः आठवेना. सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे, मेहनती आहे, नजर स्वतःची आहे, प्रवेश द्यावा. संपलं.

"आनि तां, पाणी दिसता, तां खंय गेलां?"

"मागच्या बाजूला आहे," मी म्हटलं. तोंडाला येईल ते.

बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला, होता तसाच घडीवर घडी घालून लिफाफ्यात सरकवला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"संभाळून ठेव," म्हणाले. "अ‍ॅडमिशनाक लागतला."